छप्पन्न काउंट्यांचा मुलूख

गोव्याहून आकाराने थोडा मोठा असा एक जिल्हा डोळ्यांसमोर आणा. गोव्याचे क्षेत्र ३,७०२ चौरस किलोमीटर; ह्या जिल्ह्याचे सुमारे ४,३००. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांवर भरली होती. ह्या दुसऱ्या जिल्ह्यात २०२० च्या अमेरिकन जनगणनेत माणसे मोजली गेली ती चारशे शहाण्णव. एवढी माणसे आपल्याकडे एखाद्या बेताच्या लग्नात चार पंगतींत जेवून उठतात. तरीही ह्या चारशे शहाण्णव माणसांना स्वतःची कचेरी आहे, खजिना आहे, दस्तनोंदणीचे दप्तर आहे, निवडून दिलेला शेरीफ आहे आणि कारभारी मंडळ आहे. ह्या जिल्ह्याचे नाव पेट्रोलियम काउंटी, आणि तो ज्या राज्यात आहे त्याचे नाव मोंटाना.

मोंटाना हे अमेरिकेच्या वायव्येकडचे, कॅनडाच्या सीमेला भिडलेले राज्य. क्षेत्र सुमारे ३,८०,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सव्वापट. लोकसंख्या २०२० मध्ये १०,८४,२२५. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात २०११ मध्ये १०,७२,९४२ माणसे होती, आणि गडचिरोली हा महाराष्ट्रातला सर्वांत विरळ वस्तीचा जिल्हा समजला जातो. तेवढी माणसे सबंध महाराष्ट्रावर आणि त्याच्या आणखी एका चतुर्थांशावर पसरून दिली, तर मोंटानातील वस्तीची कल्पना येईल. एका चौरस किलोमीटरात सरासरीने तीन माणसेही पडत नाहीत.

सरकारी नोकरीत माझा बराचसा काळ तालुक्यांच्या नकाशांपुढे आणि खानेसुमारीच्या तक्त्यांपुढे गेला. आमच्याकडे नकाशाकडे पाहताना पहिला प्रश्न मनात येतो तो असा की, इतकी माणसे ह्या एवढ्याशा चौकटीत मावायची कशी? मोंटानाचा काउंटीवार नकाशा प्रथम पाहिला तेव्हा प्रश्न नेमका उलटा झाला. चौकटी छप्पन्न आहेत, त्या मोठ्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा जवळजवळ रिकाम्या आहेत. ह्या चौकटी कोणी आखल्या, कोणासाठी आखल्या, आणि ज्यांच्यासाठी आखल्या ती माणसे कोठे गेली, हे समजून घेण्याजोगे आहे.

आधी एक खुलासा केला पाहिजे. काउंटी म्हणजे आपला जिल्हा असे आपण सोयीसाठी म्हणतो, पण दोहोंची जात वेगळी आहे. आपला जिल्हा वरून खाली येतो: सरकार कलेक्टर नेमते आणि कलेक्टर म्हणजे सरकारचे त्या भागातले रूप. तिकडची काउंटी पुष्कळ अंशी खालून वर जाते. तिचे कारभारी, खजिनदार, शेरीफ, सरकारी वकील हे सारे त्या काउंटीतले मतदार निवडून देतात. कर तेथे आकारला जातो, रस्ता तेथे दुरुस्त होतो, जमिनीचा दस्त तेथे नोंदला जातो. त्यामुळे आपली वेगळी काउंटी असावी ही हौस तेथे केवळ मानाची कधीच नव्हती. ती पैशाची, जमिनीच्या भावाची आणि पुढे पाहणार आहोत त्याप्रमाणे मतांचीही बाब होती.

मोंटानाच्या पश्चिमेस रॉकी पर्वताच्या रांगा आहेत, पूर्वेस गवताळ पठार. १८६२ मध्ये बॅनॅक येथे, १८६३ मध्ये ॲल्डर गल्च येथे आणि १८६४ मध्ये आज जेथे हेलेना ही राजधानी आहे तेथे सोने सापडले, आणि माणसांचा लोंढा आला तो सारा पर्वताच्या दऱ्याखोऱ्यांत. १८६४ मध्ये मोंटाना हा स्वतंत्र प्रांत झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या पहिल्या विधिमंडळाने नऊ काउंट्या पाडल्या. पश्चिमेकडे, सोन्याच्या खाणींभोवती, लहान लहान तुकडे. आणि पूर्वेकडचे अफाट पठार एकदोन प्रचंड काउंट्यांत बांधून टाकलेले. नकाशा काढणाऱ्यांच्या लेखी पूर्व भागात कोणी राहतच नव्हते.

वस्तुतः तेथे माणसे राहत होती. ब्लॅकफीट, असिनिबॉइन, ग्रो व्हाँत्र, क्रो, सू, शायेन ह्या जमातींचा तो मुलूख होता. गव्यांचे कळप होते तोवर त्यांचे जीवन त्या गवतावर चालले. कळप संपले, आणि १८८८ च्या कराराने उत्तरेकडचा त्यांचा विशाल राखीव प्रदेश कापून ब्लॅकफीट, फोर्ट बेलनॅप आणि फोर्ट पेक असे तीन तुकडे तेवढे उरले. उरलेली जमीन वसाहतीला मोकळी झाली. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, मोंटाना राज्य म्हणून संघात सामील झाला. तेव्हा त्याच्या काउंट्या सोळा होत्या. ‘रिकामा प्रदेश’ हा शब्द नकाशावर वाचताना ही दोन सालांची शेजारशेजारची जोडी ध्यानात ठेवावी. कोणताही प्रदेश आपोआप रिकामा झालेला फारसा आढळत नाही.

१९१० मध्ये काउंट्या अठ्ठावीस होत्या. १९२५ मध्ये त्या छप्पन्न झाल्या. पंधरा वर्षांत बरोबर दुप्पट! आणि त्यानंतर शंभर वर्षांत त्यांत एकही वाढली नाही वा कमी झाली नाही. मोंटानाच्या नकाशाचे सारे रहस्य ह्या पंधरा वर्षांत आहे.

अमेरिकेचा होमस्टेड कायदा १८६२ चा. जो कोणी येऊन पाच वर्षे राहील आणि जमीन कसेल त्याला १६० एकर सरकारी जमीन मिळावयाची. मिसिसिपीकाठच्या ओलाव्याच्या मुलखात १६० एकर हे कुटुंबाला पुरेसे शेत होते. पण मोंटानाच्या पूर्व पठारावर वर्षाचा पाऊस बहुतेक ठिकाणी दहा ते पंधरा इंच. आपल्या माण-खटावचा दुष्काळी पट्टाही ह्यापेक्षा अधिक भिजतो. कोलोरॅडो नदीचे खोरे पालथे घालणारा भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल ह्याने १८७८ मध्येच सरकारला अहवाल दिला होता की, ह्या कोरड्या प्रदेशात शेते लहान आखून चालणार नाही. जेथे गुरे चारावयाची तेथे एका कुटुंबाला २,५६० एकर तरी लागतील, आणि वसाहतींच्या हद्दी चौकोनी न आखता पाण्याच्या वाटणीप्रमाणे आखाव्यात. अहवालाचे पुढे काय झाले, हे सरकारी नोकराने सांगण्याची गरज नाही. अहवाल छापला गेला आणि चौकोन आखले गेले.

१९०९ मध्ये कायद्याने शेत दुप्पट, म्हणजे ३२० एकरांचे केले. १९१२ मध्ये राहण्याची मुदत पाचावरून तीन वर्षांवर आणली. त्याच सुमारास आणखी एक आगगाडी, मिलवॉकी रोड, मोंटानातून पॅसिफिक किनाऱ्याला पोचली; उत्तरेस जेम्स हिलची ग्रेट नॉर्दर्न होतीच. आगगाडीला भाडे हवे, भाड्यासाठी धान्य हवे, धान्यासाठी शेतकरी हवा. कंपन्यांनी अमेरिकेच्या पूर्व भागात आणि युरोपात पत्रके वाटली. कोरडवाहू शेतीचे नवे शास्त्र निघाले होते. खोल नांगरा, वरची माती भुसभुशीत ठेवा, ओलावा आत टिकतो, असे ते सांगे. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण त्या शास्त्राला खरा हात दिला तो आकाशाने. १९०९ नंतरची काही वर्षे पाऊस नेहमीपेक्षा बरा झाला. त्यात महायुद्ध पेटले आणि गव्हाचा भाव बुशेलला दोन डॉलरांच्या वर गेला. १९१० मध्ये ३,७६,०५३ असलेली राज्याची लोकसंख्या १९२० मध्ये ५,४८,८८९ झाली.

आता काउंट्यांचे पीक येऊ लागले. नव्या कायद्याप्रमाणे एखाद्या भागातील मतदारांनी अर्ज करावा, मतदान घ्यावे आणि जुन्या काउंटीतून फुटून निघावे. ह्या मागणीला एक खरा आधार होता, तो अंतराचा. जॉर्डन ह्या गावच्या माणसाला जमिनीचा दस्त नोंदवावयाचा तर डॉसन काउंटीचे ठाणे ग्लेंडाइव्ह येथे, शंभराहून अधिक मैलांवर. जॉर्डनला आगगाडी नव्हती. ती पुढेही कधी गेली नाही. घोड्यावरून अथवा गाडीतून एवढे अंतर जाऊन, कारकून भेटला नाही म्हणून परत यावयाचे, ह्यातले दुःख सिरोंच्याच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. आमच्याकडे १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळी काढली तेव्हा हाच विचार होता. आणि तेथेही जिल्हा झाल्यावर सिरोंचाहून जिल्ह्याचे ठाणे दोनशे किलोमीटरांच्या पुढेमागेच राहिले, ही गोष्ट वेगळी. जॉर्डनच्या लोकांना १९१९ मध्ये गारफिल्ड काउंटी मिळाली.

पण खऱ्या कारणाच्या पाठीमागे खोटी कारणेही रांगेत उभी होती. काउंटीचे ठाणे ज्या गावात जाईल त्या गावातल्या प्लॉटांचे भाव वाढत. सावकाराला ठेवी मिळत, वकिलाला पक्षकार, छापखान्याला सरकारी जाहिराती. त्यामुळे प्रत्येक स्टेशनावरचे दुकानदार आपल्या गावाला राजधानीचे डोहाळे लागल्यासारखे वागू लागले. काउंट्या फोडून देण्याच्या चळवळी गावोगाव हिंडून चालविणारी माणसे निघाली.

आणि नावे पाहा! जुन्या काउंट्यांची नावे सेनापतींची, प्रवाशांची, नद्यांची होती. ह्या नव्या लाटेतल्या काही काउंट्यांची नावे थेट जाहिरातींतून उचलावीत तशी आहेत. रिचलँड, म्हणजे समृद्ध भूमी, १९१४. व्हीटलँड, गव्हाची भूमी, १९१७. ट्रेझर, म्हणजे धनाचा ठेवा, १९१९. गोल्डन व्हॅली, सुवर्णखोरे, १९२०. आणि शेवटची, कॅट क्रीक येथे १९२० मध्ये तेल लागल्यामुळे फर्गस काउंटीतून १९२५ मध्ये कापून काढलेली पेट्रोलियम. मुलाचे नाव कुबेर ठेवावे तसा हा प्रकार. २०२० मध्ये धनाच्या ठेव्यात ७६२ माणसे होती आणि सुवर्णखोऱ्यात ८२३. नाव तेवढे सार्थ झाले ते रिचलँडचे, तेही गव्हाने नव्हे. २००० नंतर तेथे मोठे तेलक्षेत्र हाती लागले.

पाऊस १९१७ मध्ये, प्रथम उत्तरेकडच्या पट्ट्यात, दगा देऊ लागला. पुढच्या दोन वर्षांत दुष्काळ पसरला. १९२० मध्ये युद्धाचा भाव कोसळला. वारा भुसभुशीत केलेली माती उडवून नेऊ लागला. पीक नाही, कर्ज आहे, हप्ता आहे, आणि नव्या काउंटीच्या कचेरीसाठी काढलेल्या रोख्यांपायी करही आहे, अशा कात्रीत शेतकरी सापडला. १९२० ते १९३० ह्या दशकात मोंटानातल्या सुमारे निम्म्या बँका बुडाल्या. त्या दशकात सबंध अमेरिकेची लोकसंख्या झपाट्याने वाढत असता मोंटाना हे एकच राज्य असे निघाले की ज्याची लोकसंख्या घटली: ५,४८,८८९ वरून ५,३७,६०६.

ही घट आकड्यात लहान दिसते. राज्याच्या आकड्यावर विसंबणाऱ्याची अशीच फसगत होते, म्हणून काउंटीवार तक्ता पाहावा. गारफिल्ड काउंटीत १९२० मध्ये ५,३६८ माणसे होती; २०२० मध्ये १,१७३. हिचे क्षेत्र साताऱ्याहून मोठे आहे, आणि साताऱ्यात २०११ मध्ये तीस लाख माणसे राहत होती. पेट्रोलियममध्ये १९३० मध्ये २,०४५ होती, १९४० मध्ये १,०८३. दहा वर्षांत जवळजवळ निम्मी माणसे गेली. १९६० मध्ये ८९४, १९९० मध्ये ५१९, २००० मध्ये ४९३, २०१० मध्ये ४९४ आणि २०२० मध्ये ४९६. शेवटच्या तीन आकड्यांकडे पाहून कोणी ‘वाढ सुरू झाली’ म्हणेल, तर त्याला आवरावे. २०२० च्या जनगणनेत अमेरिकन खात्याने व्यक्तींची माहिती उघड होऊ नये म्हणून राज्याच्या एकूण आकड्याखालच्या सर्व आकड्यांत मुद्दाम किंचित फेरफार केलेला आहे. चारशे शहाण्णवांत दोघांचा फरक हा माणसांचा आहे की गणिताचा, हे त्या तक्त्यावरून ठरविता येत नाही. एका कुटुंबाने बिऱ्हाड हलविले की जेथे टक्केवारी हलते, तेथे टक्केवारी बोलूच नये.

जमीन मात्र ओस पडली असे समजू नका. सोडलेली शेते शेजाऱ्यांनी घेतली, नांगरट पुष्कळ ठिकाणी पुन्हा गवताला गेली, आणि हळूहळू एकेका कुटुंबाच्या हाती गुरांसाठी हजारो एकर आले. पॉवेलने १८७८ मध्ये जे गणित कागदावर मांडले होते, तेच दुष्काळाने साठसत्तर वर्षे लावून जमिनीवर मांडून दाखविले. फरक इतकाच की, पॉवेलच्या गणितात कोणाचे घर मोडत नव्हते.

मोंटानाचा लोकसंख्येचा रंगीत नकाशा समोर ठेवला, म्हणजे नकाशे कसे वाचू नयेत ह्याचा उत्तम धडा मिळतो. काउंटीवार छटा भरलेल्या नकाशात डोळ्यांत भरतो तो पूर्वेकडचा फिका पसारा. डोळा क्षेत्र पाहतो, माणसे पाहत नाही. २०२० मध्ये यलोस्टोन, गॅलेटिन, मिझुला, फ्लॅटहेड, कॅस्केड आणि लुइस अँड क्लार्क ह्या सहा काउंट्यांत राज्यातल्या दहांपैकी सहा माणसे राहत होती. बिलिंग्ज शहर असलेल्या एकट्या यलोस्टोन काउंटीत १,६४,७३१. बोझमन शहराच्या गॅलेटिन काउंटीत २०१० ते २०२० ह्या दहा वर्षांत लोकसंख्या ८९,५१३ वरून १,१८,९६० वर, म्हणजे सुमारे एकतृतीयांशाने वाढली. तेथे विद्यापीठ आहे, डोंगर आहेत, बाहेरून येणारा पैसा आहे. जागेची टंचाई हा तेथला रोजचा विषय आहे. ज्या राज्यात एका काउंटीत दर माणसामागे साडेआठ चौरस किलोमीटर जमीन पडते, त्याच राज्यात दुसऱ्या काउंटीत तरुण शिक्षकाला परवडेल असे घर मिळणे कठीण. सरासरी ह्या दोघांचाही कारभार पाहत नाही.

फिक्या पसाऱ्यातही काही गडद ठिपके आहेत आणि ते मोठे बोलके आहेत. बिग हॉर्न, ग्लेशियर आणि रूझवेल्ट ह्या काउंट्यांत मूळ अमेरिकन जमातींचे लोक बहुसंख्य आहेत. वसाहतकरी आले आणि गेले; राखीव प्रदेशांतल्या जमातींची वस्ती टिकून राहिली. ज्यांना बाजूला सारून नकाशा आखला, त्यांचीच मुले आज पठारावरच्या कित्येक शाळांत दिसतात.

मोंटानाच्या मोटारींवरील पाट्यांवर आरंभी काउंटीचा क्रमांक असतो. क्रमांक १९३० च्या सुमारास पडले, आणि तेव्हाच्या मोठेपणाचा ठसा त्यांवर राहून गेला. पहिला क्रमांक सिल्व्हर बो काउंटीचा, कारण तेथे ब्यूट हे तांब्याच्या खाणींचे जगप्रसिद्ध शहर; १९२० मध्ये ह्या काउंटीत ६०,३१३ माणसे होती. २०२० मध्ये ३५,१३३ उरली. सर्वांत मोठी झालेली यलोस्टोन अजून तिसरा क्रमांक मिरवीत आहे आणि पेट्रोलियम पंचावन्नावा. तांबे संपत आले, पण क्रमांक संपला नाही.

हे सारे केवळ कौतुकाचे राहिले असते. पण ह्या रेषांवर मतांचे वजन टांगलेले होते. १८८९ च्या राज्यघटनेप्रमाणे मोंटानाच्या वरिष्ठ सभागृहात प्रत्येक काउंटीला एक सभासद होता. काउंटी लहान असो वा मोठी. १९६० मध्ये यलोस्टोन काउंटीच्या ७९,०१६ माणसांना एक सभासद आणि पेट्रोलियमच्या ८९४ माणसांनाही एक. म्हणजे विनेटच्या गुराख्याच्या मताचे वजन बिलिंग्जच्या मजुराच्या मताच्या अठ्ठ्याऐंशी पट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये अलाबामाच्या खटल्यात निर्णय दिला की, राज्यांच्या दोन्ही सभागृहांत प्रतिनिधित्व माणसांच्या संख्येप्रमाणे असले पाहिजे. १९६५ मध्ये मोंटानाचीही मतदारसंघरचना न्यायालयाच्या हुकमाने बदलली. ग्रामीण भागात ह्याचे दुःख झाले. ते दुःख मी समजू शकतो. पण निकाल मला बरोबर वाटतो. माळरानाला मत असू नये. मत माणसाला असावे आणि ते सगळ्यांचे सारखे असावे.

मोठे मौजेचे हे की, हाच न्याय पुढे मोंटानालाच बोचला. १९९० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ७,९९,०६५ भरली. देशाच्या वाढीच्या मानाने ती कमी पडली आणि वॉशिंग्टनमधील प्रतिनिधिगृहातल्या दोन जागांपैकी एक गेली. आता आठ लाख माणसांना एकच प्रतिनिधी. देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा मतदारसंघ. मोंटाना न्यायालयात गेले. सरकारची वाटणीची गणिती पद्धत घटनेत बसते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये एकमताने ठरविले. २०२० च्या जनगणनेने ती जागा परत मिळवून दिली आणि २०२२ मध्ये पुन्हा दोन प्रतिनिधी निवडले गेले. दोन्ही मतदारसंघ समसमान व्हावेत म्हणून पोंडेरा नावाची एक काउंटी मधून चिरावी लागली. आपल्याकडे १९७६ च्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या लोकसंख्येवर थांबविली, त्यामागे ज्या राज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांना शिक्षा होऊ नये हा विचार होता. दोन देशांनी एकाच कोड्याला दोन परस्परविरुद्ध बाजूंनी हात घातला, आणि दोन्हीकडे कोणी ना कोणी नाराज राहिलेच.

मताचा हिशेब माणसांनी करावा हे मान्य केल्यावर मग दुसरा प्रश्न उरतो. कचेरीचा हिशेब कशाने करावयाचा? आमच्या खात्यांत लोकसंख्येचे प्रमाण हाच सोन्याचा मापदंड मानला जातो. इतक्या हजारांमागे एक दवाखाना, इतक्या मुलांमागे एक शिक्षक. डोंगरी आणि आदिवासी भागांसाठी हे प्रमाण सैल करण्याची सोय आहे, हे आपल्या नियमांचे शहाणपण; पण सैल करताना वरिष्ठांच्या कपाळावर आठी पडते ती पडतेच. मोंटानाचा पूर्व भाग पाहिल्यावर ती आठी निराधार वाटू लागते. माणसे निम्मी झाली म्हणून रस्ता निम्मा होत नाही. बर्फ तेवढ्याच लांबीचे काढावे लागते. आग लागली तर पाणी तेवढ्याच अंतरावरून न्यावे लागते, आणि बाळंतीण अडली तर तिला न्यावयाचे मैलही पूर्वीइतकेच असतात. उलट माणसे कमी झाल्यामुळे दर माणशी खर्च वाढतो, तो वाढला म्हणून सोय काढून घेतली जाते, आणि सोय गेली म्हणून आणखी माणसे जातात. न्यू जर्सीतल्या रट्गर्स विद्यापीठाचे फ्रँक आणि डेबोरा पॉपर ह्या अभ्यासक दांपत्याने १९८७ मध्ये असे सुचविले की, ह्या पठारांवरचा ओस पडत चाललेला भाग पुन्हा गव्यांच्या कुरणाला सोडावा. कागदावर कल्पना सुंदर होती. तेथल्या लोकांना ती आवडली नाही, हे सांगणे नलगे. आपण अजून येथे आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

ह्या लोकांनी काटकसर केली नाही असे नाही. पेट्रोलियम काउंटीने १९४२ मध्येच निरनिराळे निवडून येणारे अंमलदार कमी करून एका नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती कारभार दिला. मोंटानात हा प्रयोग प्रथम तेथे झाला. ब्यूट आणि अॅनाकाँडा येथे १९७७ मध्ये शहर आणि काउंटी ह्यांचे दोन कारभार एकत्र करण्यात आले. एक रेषा तर पुसूनही टाकली गेली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा मोंटानात येणारा लहानसा पट्टा कोणत्याच काउंटीत नव्हता आणि जनगणनेत तो स्वतंत्र मोजला जाई. १९९७ मध्ये तो गॅलेटिन आणि पार्क ह्या शेजारच्या काउंट्यांत घालण्यात आला. पण छप्पन्नांपैकी एकही काउंटी आपण होऊन शेजारणीत विलीन झालेली नाही.

झाली असती तर काय, ह्याचा हिशेब पेट्रोलियमपुरता करता येतो. ती ज्या फर्गस काउंटीतून निघाली तिचे ठाणे लुइसटाउन, विनेटहून पन्नासाहून अधिक मैलांवर. रस्ता डांबरी आहे, मोटार आहे, हवा चांगली असली तर तासाभरात माणूस पोचतो. पण विनेट हे काउंटीच्या मध्यावरचे गाव. पूर्वेस मसलशेल नदी, उत्तरेस मिझुरीचा खडकाळ उतार. त्या बाजूच्या गोठ्यावरून निघालेल्या माणसाला विनेटलाच यावयाला कच्च्या वाटेने बराच वेळ लागतो, आणि त्या वाटेची माती पावसाने भिजली म्हणजे चाकाला लोण्यासारखी चिकटते. तो विनेटला येतो, कर भरतो, दस्त नोंदवितो आणि दिवस मावळण्यापूर्वी गुरांकडे परत जातो.